पडवीचं दार

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र पोचलं. तिकडे इंग्लंडात, लेस्टरच्या घरात स्वयंपाकघर आणि मागची काचेची खोली यांच्यामधली दारं काढून सगळं एकच करायचं म्हणतोस. अरे, मी गेल्या वर्षी इथे हाच उद्योग करून बसलोय, तर माझं ऐक आधी.

आमची पश्चिमेची पडवी तुला आठवत असेल. पावसाळ्याआधी झापं बांधायचो आणि तिथेच पत्ते कुटायचो. तिला सरकत्या काचा लावल्या आणि माजघराची भिंत सात फूट फोडली. भिंत दीड फूट जाड, जांभ्याचा चिरा मातीत रचलेला आणि माळ्याचा सगळा भार तिच्यावर. गवंडीकाकांनी पहिले तीन दिवस घण उचललाच नाही. नुसते टेकू लावत बसले. आधी वरच्या अंगाला दोन लोखंडी गर्डर घातले, दोन्ही टोकं नऊ-नऊ इंच भिंतीत. टोकांखाली काँक्रीटची उशी केली, कारण गर्डर नुसता चिऱ्यावर टेकवला तर चिरा चुरडतो. मग खालचे चिरे एकेक करून काढले. बाहेरून काळाठिक्कर पडलेला चिरा फुटला की आत ताजा, केशरी. मी खुळ्यासारखा एक तुकडा उचलून ठेवलाय.

काचेचं दुखणं वेगळंच. एक काच अर्धा इंच मोठी आली. टफन्ड काच भट्टीतून निघाली की तिला कुणी कापू शकत नाही, कापायला गेलास तर चुराच होतो. मापं दुकानदाराची, चूक म्हणे माझी! तीन आठवडे ताडपत्री.

पण खरा गाढवपणा माझाच. पडवी माजघरापेक्षा चार इंच खाली होती. एकसलग दिसावं म्हणून मी भराव घालून लादी सपाट करून घेतली. आई ओट्यावरून एवढंच म्हणाली, "आजोबांनी उगीच खाली नव्हती ठेवली हो." जूनमध्ये नैऋत्येची झड सुरू झाली. खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी जायला बारीक भोकं असतात, ती वाळूने बुजली होती. पट्टी भरली आणि पाणी आत वळलं, ते थेट देवघराच्या उंबऱ्यापर्यंत. आधी ते पडवीतच थांबलं असतं.

त्याआधीचा एप्रिल सांगायचा राहिलाच. पश्चिमेचं ऊन काचेतून आत येतं, लादी तापते आणि ऊन आत येतं तितक्या लवकर ती ऊब काचेतून परत बाहेर पडत नाही. दुपारी तीनला माजघरात बसवेना. पूर्वी हेच घरातलं सगळ्यात गार ठिकाण होतं! श्रावणात उलटा प्रकार, डब्यातले पापडसुद्धा सादळले.

तुझ्याकडे हिवाळ्यात घरातली ऊब काचेवाटे बाहेर पळेल, एवढाच फरक. तूच लिहिलंयस की तीस चौरस मीटरच्या आतल्या अशा खोलीला बांधकामाचे नियम लागत नाहीत, पण मधे बाहेरच्या दर्जाचं दार हवं. ते काढलं की परवानगी आली. तुला ती कटकट वाटते. मला मात्र त्या नियमात आमचे आजोबा दिसतात.

म्हणून सांगतो, भिंत फोड, रुंद कर, उजेड येऊ दे. सकाळी चहा घेताना माडांमधून समुद्राची पट्टी दिसते ती मी आता सोडणार नाही. पण दार ठेव. आम्ही गणपतीआधी चार झडपांचं घडीचं दार करून घेतलं. जुन्या दाराच्या फणसाच्या फळ्या गोठ्यात पडल्या होत्या, त्याच वापरल्या. एप्रिल-मेमध्ये दुपारी बंद, झड आली की बंद, एरवी सताड उघडं. लादी मात्र अजून तशीच आहे. ती उखडायला दिवाळीनंतर माणसं येतील. आई रोज विचारते, कधी येणार म्हणून.

वहिनींना नमस्कार सांग. मे महिन्यात येशील तेव्हा पत्ते पडवीतच, पण सहानंतर.

तुझा,
भाऊ