केवळ उड्या मोजून तुलना नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘जिझेल’ या बॅलेच्या दुसऱ्या अंकातील नायक आल्ब्रेख्तच्या नाचावर लेख आला. वेगवेगळ्या नर्तकांच्या चित्रफिती शेजारी शेजारी ठेवून कोण सरस, ते लेखकाने ठरवले आहे. बॅलेवर मराठी वृत्तपत्रात पान मिळाले, याचा आनंद आहे. मात्र निकालाचा आधार दोनच गोष्टी आहेत: उड्या किती आणि उंची किती. आंत्रशा सिस (जागच्या जागी उडून हवेत पाय एकमेकांवरून ओलांडायची उडी) बत्तीस मारणारा पहिला, चोवीस मारणारा दुसरा आणि एकही न मारणारा शेवटचा, हा हिशेब मुळातच चुकलेला आहे.

ज्याला शेवटचा क्रमांक दिला, त्याने त्या जागी आंत्रशा घेतलेलेच नाहीत, ब्रिझे घेतले आहेत. कोडामधल्या, म्हणजे नाचाच्या शेवटच्या भागातल्या, त्या संगीतावर दोन्ही पर्याय रूढ आहेत. रशियन नर्तकांपैकी न्यूरेयेवचे नाव जागच्या जागी होणाऱ्या आंत्रशांशी जोडले गेले. बॅरिश्निकोव १९७७च्या न्यूयॉर्कमधील प्रयोगात तिरप्या रेषेत ब्रिझे करत विलींची, म्हणजे लग्नाआधी मेलेल्या मुलींच्या भुतांची, राणी मिर्था हिच्या दिशेने जातो. आंत्रशात नर्तक एका जागी खिळून वर-खाली होतो, ब्रिझेत हवेत पायावर पाय आपटत पुढे सरकतो. पहिल्यात आल्ब्रेख्त अडकलेला दिसतो, दुसऱ्यात ओढला जाताना. प्रसंगाला ब्रिझे अधिक शोभतात, असे आमचे मत. कोणाला उलटे वाटेल, पण एकाच्या मापाने दुसरा मोजता येत नाही. ब्रिझेत बघायचे ते हे, की पुढचा पाय जायच्या दिशेने खरोखर लांब फेकला जातो का. तो अंगाखालीच राहिला, तर आपटल्याचा आवाज येतो पण माणूस पुढे जात नाही.

आंत्रशा सिसची बारकाई सांगायला हवी, कारण फसगत इथेच होते. नर्तक पाचव्या स्थितीतून, म्हणजे एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना भिडवून, उडतो. हवेत पाय तीनदा एकमेकांना ओलांडतात आणि तो पुन्हा पाचव्या स्थितीत उतरतो. उतरताना पुढचा पाय बदललेला असतो. आंत्रशा कात्रमध्ये ओलांडणे दोनदाच होते, म्हणून पुढे असलेला पायच पुढे राहतो. दमलेला नर्तक सिसच्या जागी गुपचूप कात्र घालतो, तेव्हा नजरेला फारसा फरक जाणवत नाही. पण पुढचा पाय आलटून-पालटून येत नसेल, तर तिथे सिस झालेला नाही, हे पक्के. पाय बदलतोय आणि हवेत आपट मात्र एकदाच दिसतेय, तर तो रोयाल. चित्रफीत पाव वेगाने चालवली की हे कोणालाही तपासता येते. शिवाय आपट पोटऱ्यांची हवी आणि हालचाल मांडीपासून यायला हवी. नुसते घोटे फडफडत असतील, तर बत्तीसच काय, चौसष्ट मारले तरी किंमत तेवढीच.

उंचीचेही असेच. लेखातली ‘कोण उंच’ ही यादी डोळ्यांच्या अंदाजाने केलेली दिसते आणि कॅमेरा खाली ठेवला की कोणीही उंच दिसतो. त्यापेक्षा फ्रेम मोजाव्यात. सेकंदाला २५ फ्रेमची फीत असेल, तर बोटे जमीन सोडतात तिथपासून पुन्हा टेकतात तिथपर्यंतच्या फ्रेम मोजा, त्या आकड्याचा वर्ग करा आणि पाचने भागा. उत्तर सेंटिमीटरमध्ये येते. १२ फ्रेम म्हणजे सुमारे २९ सेंटिमीटर, १६ फ्रेम म्हणजे ५१. फीत ३० फ्रेमची असेल, तर सव्वासातने भागा. १५ आणि १६ फ्रेममध्येच सहा सेंटिमीटरचा फरक पडतो, तेव्हा एका फ्रेमवरून कोणाला वर-खाली करू नये. गुडघे दुमडून उतरणाऱ्याच्या खात्यात एक-दोन फ्रेम फुकटच्या जमा होतात, त्या वजा धराव्यात.

जुन्या चित्रपटांत आणखी एक घोळ असतो. २४ फ्रेमचा चित्रपट काही देशांत दूरचित्रवाणीसाठी २५ फ्रेमने चालवला गेला. त्यात सगळे चार टक्के जलद होते आणि ५० सेंटिमीटरची उडी हिशेबात ४६ची भरते. ओळखायची खूण सुरात आहे: ऑर्केस्ट्रा अर्ध्या सुरापेक्षा थोडा कमी, पण चढलेला लागतो. हार्मोनियम जवळ असेल तर लगेच कळते.

लयीचा उल्लेख लेखात कुठेच नाही. बॅलेत वाद्यवृंदाचा संचालक नर्तकाकडे बघून लय राखतो आणि ती प्रयोगागणिक बदलते. उडीला उडी लागून येत असताना लय दहा टक्के संथ झाली, तर हवेतला वेळ तेवढा वाढवायला उंची जवळपास एकवीस टक्के वाढवावी लागते. ते झेपत नाही, तेव्हा नर्तक वेळ प्लिएत काढतो, म्हणजे खाली गुडघे वाकवून थांबतो. थांबला की स्नायू-शिरांमधली उसळी विरते आणि पुढची उडी निव्वळ ताकदीवर मारावी लागते. विसाव्या उडीनंतर खांदे वर येऊ लागतात, ते यामुळे.

एकल नाचातल्या दुहेरी काब्रिओल या उडीबद्दल थोडक्यात. वरचा पाय हवेत स्थिर राहायला हवा आणि खालचा वर येऊन त्यावर दोनदा आपटायला हवा. बहुतेकांचा वरचा पाय खालच्याला भेटायला खाली येतो. दुहेरी तूरमध्ये दोन पूर्ण गिरक्या हवेत व्हायला हव्यात. पाव गिरकी उडण्याआधी जमिनीवरच आणि थोडी उतरल्यावर पाय घासून घेतली, तर हवेत दीडच्या आसपासच होते. लेखात वाखाणलेल्या फितींपैकी एकीत हेच आहे. पावले दिसतील अशा ठिकाणी फीत थांबवून पाहावी.

नाशिकच्या प्रेक्षकाला हे अवघड नाही. कथकच्या कार्यक्रमात चक्कर कितीही घेतले आणि समेवर पाय आला नाही, तर कालिदास कलामंदिरात शेवटच्या रांगेतूनही हळहळ ऐकू येते. तीच नजर इथे लावायची आहे. जाता जाता एक गंमत: २८ जून १८४१ रोजी पॅरिसला ‘जिझेल’ पहिल्यांदा झाले, तेव्हा आल्ब्रेख्त होता ल्युसियाँ पेतिपा. त्याच पेतिपाने १८५८ मध्ये पॅरिस ऑपेरासाठी कालिदासाच्या शकुंतलेवर बॅले बसवला आणि त्याची संहिता ‘जिझेल’च्याच एका लेखकाची, तेओफिल गोतिएची होती.

आता मुख्य आक्षेप. आल्ब्रेख्तला मिर्थाने मरेपर्यंत नाचायची शिक्षा दिली आहे, तेव्हा त्याने दमलेले दिसणे भूमिकेतच आहे. लेखक मात्र एका नर्तकाचे ‘शेवटी दमला’ म्हणून गुण कापतो. दमण्याचा अभिनय आणि खरे दमणे यांतला फरक कळतो. अभिनय मान, छाती आणि हात यांत असतो. डोके मागे जाते, हात विनवणीला उठतात आणि पाय तेवढेच नेमके राहतात. खरे दमले, की टाचा प्लिएत जमिनीला टेकेनाशा होतात, पाचवी स्थिती उघडी पडते, हवेत पंजे ताणले जात नाहीत आणि उडी तालाच्या मागे पडू लागते. गुण कापायचे ते खऱ्या दमण्याचे. कंबरेपासून वर कोसळलेला आणि कंबरेखाली स्वच्छ असलेला आल्ब्रेख्त मिळणे दुर्मीळ. तो दाखवणाऱ्याचे सोळा आंत्रशा आम्ही हसतमुखाने बत्तीस मारणाऱ्याच्या वर ठेवू.

म्हणूनच गाला, म्हणजे निवडक नाचांच्या, कार्यक्रमातली फीत आणि पूर्ण प्रयोगातली फीत एका यादीत नसावी. गालात नर्तक विंगेत अंग गरम करून ताजातवाना येतो आणि मोजकी मिनिटे नाचून जातो. पूर्ण प्रयोगात त्याआधी आख्खा पहिला अंक झालेला असतो, दुसऱ्यात नायिकेला उचलून उचलून दंड भरून आलेले असतात. रंगमंचही बघावा. पॅरिसच्या पाले गार्निएचा मंच प्रेक्षकांकडे पाच टक्के उतरता आहे, म्हणजे मीटरला पाच सेंटिमीटर. तिथे जागच्या जागी उड्या मारताना शरीर दरवेळी थोडे पुढे ओढले जाते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या सपाट मंचावरच्या फितीशी त्याची सरळ तुलना होत नाही. पोशाखाकडे मात्र लोकांचे लक्ष पूर्वीपासून आहे. १९११ मध्ये नर्तक निजिन्स्कीला सेंट पीटर्सबर्गच्या शाही रंगभूमीवरून काढले, ते आल्ब्रेख्तच्या कपड्यांवरून.

हे सगळे लिहायचे कारण पुस्तकी नाही. ‘बत्तीस’ हा आकडा छापून आला, की कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंतच्या क्लासमधली मुले तो गाठायला लागतात, तेही सिमेंटवर बसवलेल्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर. ती फरशी तसूभरही दबत नाही, त्यामुळे धक्का थेट नडगीच्या हाडात जातो. नडगीच्या आतल्या कडेला बोट दाबल्यावर दुखू लागले, की उड्या बंद करायच्या. दुखणे एका जागी टोचत असेल आणि रात्रीही जाणवत असेल, तर हाडाचे डॉक्टर गाठायचे. जिमच्या जाड फोम मॅट हा उपाय नव्हे. पाऊल त्यात रुतते आणि वळताना घोटा मुरगळतो. टाइल्सवर थोड्या थोड्या अंतराने दाट फोमचे तुकडे, त्यांवर १२ मिलिमीटर प्लायचे दोन थर, खालच्या थराच्या सांध्यावर वरचा सांधा येणार नाही असे, आणि सर्वांत वर व्हिनाइल, एवढे केले तरी पाय वाचतात. आधी आठ साधे शांजमाँ, म्हणजे आपट न मारता हवेत नुसते पाय बदलायच्या उड्या, मग आठ कात्र, प्रत्येक वेळी टाच टेकवून. सोळा कात्र टाच टेकवून स्वच्छ निघेपर्यंत सिसचे नाव काढू नये.

पुढच्या वेळी अशी तुलना छापताना प्रत्येक फितीखाली वर्ष, रंगमंच, बॅले कोणत्या आवृत्तीतला, पूर्ण प्रयोग की गाला आणि कोडामध्ये आंत्रशा की ब्रिझे, एवढे द्यावे. जागा कमी असेल तर क्रमांक गाळावेत.

आपले,
दोन नृत्यशिक्षक, गंगापूर रोड, नाशिक