रूट कॅनॉल करताना दाताला भोक पडलं तर पेशंटला तेव्हाच सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरांच्या आरोग्य पुरवणीत रूट कॅनॉलवर अधूनमधून लेख येतात. आता दुखत नाही, एका सिटिंगमध्ये होतं, घाबरू नका, वगैरे, आणि ते बरोबरही आहे. पण करताना काही बिघडलं तर पुढे काय हे त्यात कुठेच नसतं, म्हणून हे पत्र.

माझ्या ताईच्या वरच्या पुढच्या दाताला जुनी कॅप होती, आत इन्फेक्शन झालं म्हणून कॅपमधूनच रूट कॅनॉल करायला घेतलं. आता कॅप असली की खालचं मूळ नक्की कुठल्या बाजूला कललंय ते वरून दिसत नाही, आणि वय झालं की आतली नळीही बारीक होत जाते, ती शोधताना ड्रिल सरळ जायच्या ऐवजी ओठाच्या बाजूला गेलं आणि मुळाच्या भिंतीला हिरडीखाली भोक पडलं. एकदम खूप रक्त आलं असं ताईला आठवतं. डॉक्टर म्हणाले इन्फेक्शनमुळे येतंय. पुढे नळी सापडली, ती भरली, बिल झालं. काही महिन्यांनी त्याच दाताच्या वर हिरडीवर पुळी आली, दाबलं की पू, गोळ्या घेतल्या की बसायची आणि परत यायची. शेवटी सांगितलं की दातच खराब होता, काढून टाका, इम्प्लांट करू. भोकाबद्दल तेव्हाही एक शब्द नाही.

दुसरीकडे दाखवलं, तिथे सीबीसीटी म्हणजे दाताचा थ्रीडी स्कॅन काढला तेव्हा खरा प्रकार कळला. साध्या एक्स-रेत ओठाच्या बाजूचं भोक दातावरच येतं म्हणून सहज लपतं. त्या एंडोडॉन्टिस्ट मॅडमनी (बीडीएसनंतर तीन वर्षं रूट कॅनॉलच्याच विषयात एमडीएस केलेले असतात ते) स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं की भोक इथे आहे, त्याच्याभोवतीचं हाड इतकं गेलंय, आणि तरी दात वाचण्यासारखा आहे.

त्यासाठी भोक बुजवायचं ऑपरेशन करावं लागलं, ते कसं करतात ते मुद्दाम लिहितेय कारण नाव ऐकूनच लोक घाबरतात. फक्त तेवढी जागा बधिर करतात, पूर्ण भूल नाही. हिरडीला चीर देऊन ती पडद्यासारखी वर उचलतात, भोकाजवळ साठलेला सुजलेला खराब भाग खरवडून काढतात, मग मायक्रोस्कोपखाली बघत भोक साफ करून बुजवतात आणि हिरडी परत बसवून टाके घालतात. टाके साधारण आठवड्यात निघतात. भोक लहान आणि ताजं असेल तर बहुतेक वेळा चीर द्यायचीही गरज पडत नाही, दाताच्या आतूनच बुजवता येतं. ऑपरेशनची पाळी येते ती आतून हात पोचत नसेल किंवा ताईसारखा बाहेर पू आणि हाडाची झीज झाली असेल तेव्हा.

बुजवायला वापरतात ते एमटीए, ही बांधकामाच्या सिमेंटचीच जात आहे, नुसतं म्हणायला नाही, त्यात खरंच पोर्टलँड सिमेंटचे घटक असतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ते आणलं. त्याआधी अशा भोकात चांदीसुद्धा भरायचे आणि बरेच दात शेवटी काढावेच लागायचे. एमटीए ओलाव्यातच घट्ट होतं, रक्त-लाळेच्या जागी काम करायचं म्हटल्यावर हा केवढा मोठा फायदा, आणि शरीर ते सहन करतं त्यामुळे आजूबाजूचं हाड परत भरून येऊ शकतं. फक्त त्याने दात काळपट पडू शकतो आणि ते घट्ट व्हायला तास लागतात, म्हणून पुढच्या दातात बायोडेंटीन नावाचं मटेरिअल बरेच जण पसंत करतात, ते बारा-पंधरा मिनिटांत बसतं. ताईला तेच भरलं. पुळी परत आलेली नाही, नंतरच्या एक्स-रेत हाड भरत आलेलं दिसतंय.

हे सगळं झालं ते उशिरा झालं याचा मला राग आहे. भोक पडणं हा दर वेळी निष्काळजीपणा नसतो हे मला मान्य आहे, वाकडी मुळं, बारीक नळ्या, चांगल्या हातांकडूनही होतं. पण भोक जितकं लवकर बुजवाल तितका दात वाचायचा चान्स जास्त, कारण उघड्या भोकातून जंतू बाहेरच्या हाडात जात राहतात. भोक हिरडीच्या कडेजवळ असेल तर आणखी घाई करावी लागते, तोंडातली घाण तिथे सहज पोचते. म्हणजे त्या दिवशी खुर्चीवरच 'भोक पडलंय, लगेच बुजवतो' किंवा 'माझ्याच्याने होणार नाही, अमक्यांकडे जा' एवढं सांगितलं असतं तर बहुधा चीर द्यायची वेळ आली नसती. गप्प बसण्यात महिने गेले, त्याची किंमत हाडाने मोजली. नळी साफ करायची सुईसारखी बारीक फाईल असते, तिचा तुकडा मोडून आत राहतो त्याचंही तेच, पेशंटला दुसऱ्याच डॉक्टरकडून एक्स-रे बघताना कळतं.

कायदा पण यात गप्प नाही. १९९५ पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, आणि २००८ च्या समीरा कोहली खटल्यात कोर्टाने सांगितलंय की उपचार काय, त्यातले धोके काय, दुसरा पर्याय काय हे पेशंटला समजेल असं सांगूनच संमती घ्यायची. आपल्याकडे काय होतं, इंग्रजी फॉर्मवर फुली मारलेली असते तिथे सही करा. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे पण काय झालं हेच माहीत नसेल तर माणूस तक्रार तरी कशाची करणार? आणि खरं सांगायचं तर ताईला कोर्टात जायचंच नव्हतं, तिला दात हवा होता.

म्हणून डेंटिस्ट मंडळींच्या संघटनांना आणि राज्य दंत परिषदेला विनंती की संमतीचा फॉर्म मराठीत करा, त्यात भोक पडणे आणि फाईल तुटणे या दोन गोष्टी स्पष्ट लिहा, आणि असं काही घडलं तर ते केसपेपरवर त्याच दिवशी लिहून पेशंटला एक्स-रेची कॉपी द्या, न मागता. वाचकांना एवढंच की रूट कॅनॉल झालेल्या दाताशी पुळी येत असेल तर 'काढा' म्हटल्यावर लगेच काढू नका, आधी एंडोडॉन्टिस्टला दाखवा. प्रायव्हेटमध्ये परवडत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेज आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर आहे, गोव्यात बांबोळीला आहे, या विषयाचा वेगळा विभाग तिथे असतो. आधीचे सगळे एक्स-रे सोबत न्या, अगदी उपचाराच्या आधीचा सुद्धा, मुळाचा आकार मुळात कसा होता ते त्यावरूनच कळतं.

आपली,
एक वाचक, सातारा