कॉलेजनंच सांगावं, पोराला कुठला प्रोसेसर लागतो

मा. संपादक, नमस्कार.

इंजिनिअरिंगच्या ॲडमिशन सुरू झाल्या की आमच्या शहापुरातल्या दुकानात रोज कोण ना कोण आई-बाप येतात, हातात दुसऱ्या दुकानाचं कोटेशन असतंय आणि प्रश्न एकच, "ह्यात आय नाईन लिहिलंय, घेऊ की नको वो?" आय नाईन म्हणजे इंटेल कंपनीचा वरचा प्रोसेसर, आणि प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं काम करणारी मुख्य चिप. गेल्या आठवड्यात जांबोटीकडचे एक शेतकरी आले होते, पोरगं मेकॅनिकलला लागलंय. कोटेशनमध्ये प्रोसेसर सगळ्यात वरच्या मॉडेलचा, आणि पॉवर सप्लाय असला की त्याच्यापुढं कंपनीचं नाव पण नाही. पोरगं म्हणत होतं एवढा महाग नको बाबा, स्वस्तातला घेऊ आणि ओव्हरक्लॉक करू, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या स्पीडच्या वर पळवू, मी व्हिडिओ बघितलाय. बापाला दोन्हीतलं काहीच कळत नव्हतं, पैसे मात्र सोसायटीतनं उचललेले. ते गेल्यावर मला राहवेना म्हणून हे लिहितोय.

पोरगं म्हणतं ते एके काळी अगदी खरं होतं, हे आधी सांगतो. मी स्वतः केलंय. कॉम्प्युटरच्या धंद्यात यायच्या आधी मी उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, लेथवर होतो, त्यामुळं मला ते लेथच्या भाषेतच कळलं. मोटरचा स्पीड आणि पुलीचा रेशो ह्यांचा गुणाकार म्हणजे स्पिंडलचा स्पीड, प्रोसेसरचं पण तसंच, बोर्डाकडनं येणारा एक मूळ क्लॉक असतोय आणि प्रोसेसरच्या आतला मल्टिप्लायर असतोय. १९९८ साली, म्हणजे आपल्याकडं व्हीटीयू, ती इंजिनिअरिंगची युनिव्हर्सिटी, सुरू झाली त्याच वर्षी, इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर आला. त्याचा मल्टिप्लायर साडेचार, कंपनीनं कुलूप लावलेला, म्हणजे पुली वेल्ड करून टाकलेली. मूळ क्लॉक ६६ मेगाहर्ट्झ, म्हणून ३००. पण बोर्डावर तोच क्लॉक १०० केला की साडेचार गुणिले शंभर, सरळ ४५०! आणि त्याच वेळी इंटेलच्याच वरच्या पेंटियम टू ४५० ची किंमत ह्याच्या चौपटीहून जास्त होती.

मी तो सेकंडहँड घेतला होता आणि बऱ्याच उशिरा घेतला होता, पण बोर्डावरचा जंपर, म्हणजे क्लॉक ठरवणारी बारकी पिन, बदलून पहिल्यांदा चालू केला आणि काळ्या स्क्रीनवर ४५० उमटलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, घरात सगळे झोपलेले, मी एकटाच उभा राहून बघत होतो. ते मशीन मी चार वर्षं वापरलं.

ते कशामुळं जमलं, हे पण महत्त्वाचं आहे. जुन्या कारखान्यात एका लाईन शाफ्टवर चार मशीन असायची, एकाला जोरात पळवायला शाफ्टच जोरात फिरवला तर बाकीची तिन्ही पण पळणार. कॉम्प्युटरमध्ये पण त्या मूळ क्लॉकवर रॅम, पीसीआय कार्ड (बोर्डावर वरनं खोचायची कार्डं), हार्डडिस्क सगळं लटकलेलं असायचं. ६६ ला पीसीआयचा स्पीड अर्धा व्हायचा म्हणजे ३३, आणि १०० ला बोर्ड तीननं भागायचा, परत ३३. म्हणून १०० वर बाकीच्या कशाला धक्का लागत नव्हता. पण तेच ८३ ला ठेवलं की पीसीआय ४१ च्या वर जायचा आणि हार्डडिस्कवरचा डेटा खराब व्हायचा, माझ्या एका गिऱ्हाईकाचं टॅलीचं सगळं वर्ष तसंच गेलं, कारण मला तेव्हा हे भागाकाराचं माहीत नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतंय.

मग २०११ नंतर हे दार जवळजवळ बंदच झालं. इंटेलच्या नव्या पिढीत एकाच शंभरच्या क्लॉकवर सगळं बांधलं, तो चार-पाच टक्क्यांच्या वर ढकलला की मशीन अडखळतं, आणि मल्टिप्लायर मोकळा मिळणार तो फक्त नावात के असलेल्या मॉडेलला, ते पण झेड सिरीजचा महाग बोर्ड घेतला तर. म्हणजे स्वस्तातला पळवायचा म्हटलं तर आधी महागातला बोर्ड घ्या, वर मोठा कूलर घ्या, तेवढ्यात वरचा प्रोसेसरच येतोय की! इंटेलच्या समोरची कंपनी एएमडी, तिनं २०१७ पासून आपल्या रायझन प्रोसेसरमध्ये बहुतेक सगळ्यांचे मल्टिप्लायर मोकळे ठेवले, ते चांगलंच केलं, पण त्यात आता उरलंय काय ते बघा. रायझन ५ ७६०० घ्या, बेस ३.८ गिगाहर्ट्झ, पण तो स्वतःच गरमी आणि करंट बघून ५.१ पर्यंत जातोय. पूर्वी आम्ही रात्र रात्र बसून जे काढायचो ते आता चिप स्वतःच, सेकंदाला कितीतरी वेळा मोजून काढते. वर शिल्लक राहतंय ते चार-पाच टक्के.

आणि त्या चार-पाच टक्क्यांसाठी गरमी किती? गरमी वाढते स्पीडच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा १० टक्के स्पीड वाढवायला व्होल्टेज १.२० वरनं १.३५ करावं लागलं, तर गरमी वाढली ३९ टक्के, दहावीच्या पोरानं पण कॅल्क्युलेटरवर करून बघावं. शिवाय एकाच मॉडेलच्या दोन चिपा सारख्या निघत नाहीत, व्हिडिओतल्या माणसाची चढली म्हणून तुमची चढेलच असं नाही, आणि ओव्हरक्लॉक करून खराब झाली तर ती वॉरंटीत बसत नाही.

आता महागाच्या बाजूला या. त्याच घराण्यातला वरचा रायझन ९ ७९५०एक्स, २०२२ ला आला तेव्हा ६९९ डॉलरला, आणि ७६०० आला पुढच्या जानेवारीत २२९ ला, म्हणजे तिप्पट फरक. प्रोसेसरच्या आत काम करणारे वेगवेगळे भाग असतात, त्यांना कोअर म्हणतात. एका कोअरचा स्पीड किती? ५.७ विरुद्ध ५.१, म्हणजे १२ टक्क्यांच्या आत. बाकीचे पैसे जातात ते सहाच्या ऐवजी सोळा कोअरचे. आणि ऑटोकॅड, सॉलिडवर्क्समध्ये ड्रॉइंग, मॉडेलिंग करताना बहुतेक काम एकाच कोअरवर चालतंय, बाकीच्या पंधरांना काम नसतंय. रेंडरिंग, थ्रीडी, लांब व्हिडिओ असलं ज्याचं रोजचं पोट आहे त्यानं जरूर सोळा कोअर घ्यावेत, त्याचे पैसे वसूल होतात, त्याला मी कधी नको म्हणत नाही. पण पहिल्या वर्षाच्या पोराला सी प्रोग्रॅम आणि ड्रॉइंगला ते कशाला? शिवाय ७६०० बरोबर खोक्यात कूलर येतोय, ७९५०एक्स बरोबर येत नाही, आणि तो पूर्ण ताणावर ९५ डिग्रीला चालणार हे कंपनीनंच धरलेलं आहे.

ती डिग्री कागदावर वाचायला काही वाटत नाही. मागच्या उन्हाळ्यात खानापुरात लग्नाचे अल्बम करणारा एक पोरगा आहे, त्याचं मशीन "स्लो झालंय" म्हणून गेलो. वरच्या मॉडेलचा प्रोसेसर, विकणाऱ्यानं वर बसवलेला कूलर हाताच्या मुठीएवढा, आणि कॅबिनेट प्लायवूडच्या बंद कप्प्यात. कव्हर काढलं तर कूलरच्या पात्यांत धूळ अशी दाबून बसलेली की नखानं सोलली तर गोधडीतल्या कापसासारखा अख्खा थर हातात आला. एक्सपोर्ट, म्हणजे तयार अल्बमची फाईल काढायचं काम, लावला की अर्ध्या मिनिटात १०० डिग्री, आणि पाच गिगाहर्ट्झच्या वर पळणारा क्लॉक तीनच्या खाली. म्हणजे वरच्या मॉडेलचे पैसे देऊन तो खालच्या मॉडेलचा स्पीड वापरत होता, किती महिने कोण जाणे. साफ केलं, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट बदलली, कप्प्यातनं बाहेर काढलं आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या आतल्या सेटिंगमध्ये, जाऊन पॉवरची मर्यादा निम्म्यावर आणली, तर उलट एक्सपोर्ट लवकर व्हायला लागला.

कंपन्यांनी पण वरच्या मॉडेलला किती ताणलंय ते २०२४ ला सगळ्यांनी बघितलं, इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या वरच्या चिपा जास्त व्होल्टेजनं खराब व्हायला लागल्या, मायक्रोकोडचे, म्हणजे चिपच्या आतल्या प्रोग्रॅमचे, अपडेट काढावे लागले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. म्हणजे वरचं मॉडेल घेतलं तर ते कारखान्यातनंच ओव्हरक्लॉक होऊन आल्यासारखं आहे. लोक महाग म्हणजे मजबूत समजतात, इथं तसं नाही.

आणि आपल्या भागातली लाईट! पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबीकडं किती वेळा जाते ते तिथल्या माणसालाच विचारा, आणि येते तेव्हा दिवा आधी तांबडा मग पांढरा. बाजारात मिळणारा साधा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटच्या आसपास देतो. वरचा प्रोसेसर एकटाच अडीचशे वॅट खातोय, त्यात ग्राफिक कार्ड आणि मॉनिटर धरला की लाईट गेल्या क्षणी यूपीएस टीं करून बंद, पोराचं प्रोजेक्ट गेलं.

म्हणून मी त्या शेतकऱ्याला मधला सहा कोअरचा प्रोसेसर, चांगल्या कंपनीचा पॉवर सप्लाय, १ टीबी एसएसडी आणि ३२ जीबी रॅम लिहून दिली, यूपीएस पण धरला, तरी पहिल्या कोटेशनपेक्षा बरेच पैसे खाली आलं. घेताना दुसरीकडं घेतलं तरी चालेल म्हटलं. पोरगं जरा हिरमुसलं, त्याला म्हटलं तुला बायोसमध्ये हात घालायचाच आहे ना, मग व्होल्टेज वाढवायला नको, थोडं थोडं कमी करून बघ, स्पीड तोच राहतोय आणि गरमी उतरते, त्यात पण शिकण्यासारखं खूप आहे. ये दुकानात, दाखवतो.

आपल्या पेपरमधनं बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी भागातल्या कॉलेजांना माझी एकच विनंती आहे. ॲडमिशनच्या वेळी फीच्या पावतीबरोबर अर्धा पान द्या, कुठल्या ब्रँचला कुठलं सॉफ्टवेअर, त्याला किती कोअर, किती रॅम, ग्राफिक कार्ड लागतंय की नाही. कन्नडमध्ये द्या, मराठीत द्या, इंग्रजीत दिलं तरी चालेल, आम्ही दुकानात वाचून सांगू. पुढच्या जूनच्या आत झालं तर बरं, कारण कोटेशन तेव्हाच निघतात.

आपला,
एक वाचक आणि कॉम्प्युटर दुरुस्तीवाला,
शहापूर, बेळगाव