दादाच्या आधी मीच सांगते

ग्वाल्हेर, दौलतगंज

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

दादाकडून कळण्याआधी मीच लिहिते. येत्या नगर निगमच्या निवडणुकीत मी आपल्या वार्डातून उभी राहतेय. ठरलंय, ह्यांनाही पटलंय. आणि बाबा, अपक्ष. आधी पाणी प्या, मग पुढचं वाचा.

टिकट मागायला मी गेलेच नाही, त्यामुळे कुणी नाकारलं वगैरे काही नाही. बोळातलं गटार आणि तिघरा धरणाचं एक दिवसाआडचं पाणी, भांडायचंय ते एवढ्यासाठीच. तुमच्या भाजपच्या झेंड्याशी माझं वाकडं नाही हो. लोकसभेला तुम्ही म्हणाल तिथेच बटण दाबते, हे तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही म्हणणार, हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे, त्याला घराणं लागतं. शेजवलकरांकडे नारायणराव महापौर झाले, 1977 आणि 1980 ला लोकसभेत गेले. मग विवेकजी दोनदा महापौर, आणि त्या खुर्चीत असतानाच 2019 ला खासदार. 2022 ला 57 वर्षांनी महापौरपद काँग्रेसकडे गेलं, तर त्या शोभा सिकरवार यांचेही यजमान आमदारच. सगळं कबूल. पण महापौर एक, वार्ड 66, आणि त्यातले निम्मे बायकांचे. इतक्या जणी काय सगळ्या आमदारांच्या घरातून आणणार?

आणि आपल्या घरात राजकारण नव्हतं म्हणे! मला सायकलच्या दांडीवर बसवून छत्री बाजारात पोस्टरं चिकटवायला कोण न्यायचं? खळीचा डबा माझ्या मांडीवर. फ्रॉक वाळून पापडासारखा कडक व्हायचा, आणि आई, तू आम्हा दोघांना अंगणातच उभं करायचीस. 1984 ला अटलजी माधवराव महाराजांपुढे पावणेदोन लाखांनी पडले, त्या रात्री बाबा जेवले नाहीत. त्यांच्या पानातली पुरणपोळी मी खाल्ली होती, मांजरीने नाही.

घराची काळजी करू नका. फक्त पुढची बैठक वापरीन, तीही मतदानापर्यंत. तुमच्या खोलीला कुलूप आहे, किल्ली माझ्या पर्समध्ये. आईची दुलई उन्हात घालून ठेवली आहे. परत याल तेव्हा कमोड बसलेला असेल, शेजारी धरायला दांडा, आणि नवा इन्व्हर्टर. निवडून आले तरी रात्रीचं जेवण मीच आणून देणार.

बाबा, रक्त पातळ करायची गोळी चुकवायची नाही. दादाच्या सोसायटीची लिफ्ट बंद असेल तर खाली उतरायचंच नाही. जुन्या मंडळींना फोन करून माझ्या वतीने माफी मागू नका. कुणी चिडलंच तर मी स्वतः घरी जाऊन पाया पडून येईन. प्रचाराला येऊ नका, खरंच. डॉक्टर काय म्हणाले ते आईला पाठ आहे. आई, तू यांना रात्री बातम्या लावू देऊ नकोस.

अर्जासाठी निगमचं काही थकलेलं नाही असा दाखला लागतो. संपत्तिकराच्या पावत्या हिरव्या ट्रंकेत आहेत की गोदरेजच्या कपाटात? आणि बाबा, गल्लीवार मतदारांची तुमची ती लाल वही? दादाला आजच सांगा, तो मला फोन करील.

तुमची,
बेबी