खालचा सूर शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

आमच्या गायनवृंदात यंदा खालचा सूर माझ्याकडे दिलाय. त्याचं श्रेय तुमच्या पेटीला आणि चॅड अँड जेरमी या ब्रिटिश गायकजोडीच्या तुमच्याकडच्या जुन्या तबकड्यांना. तोंडावर आभार मानले असते तर "पुरे गं" म्हणत चहा टाकायला उठला असतात, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

शाळेतल्या समूहगीतांनी माझा आवाज पार मैदानी करून ठेवला होता. तुम्ही त्यावर टीका केली नाहीत, त्यांची गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या संगीतकार जॉन बॅरीची गोष्ट सांगितलीत. चॅड स्टुअर्ट आणि जेरमी क्लाइड लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ स्पीच अँड ड्रामामधले दोस्त. जेरमीला गिटार शिकवली ती चॅडनेच. दोघं जोर लावून गायचे. बॅरीला ते फुटबॉलच्या खेळाडूंनी भरलेल्या खोलीसारखं वाटलं. जरा कुजबुजत गा, म्हणाला. १९६३ साली 'यस्टर्डेज गॉन' आलं ते त्याच्याच हाताखाली.

मग तुमची शिकवणी. 'अ समर साँग'ची पहिली ओळ लावायची, सुई उचलायची. तुम्ही पेटीवर मूळ चाल वाजवणार आणि मी फक्त खालचा आवाज धरायचा. मी हटकून वरच्या चालीवर घसरायचे, कारण आपल्या कानांना एकाच चालीची सवय. तुम्ही काही न बोलता भाता थांबवायचात आणि सुई पुन्हा पहिल्या ओळीवर. माझा आवाज इतका खाली आणलात की पेटी ऐकू यायला लागली, तेव्हा कुठे सूर सापडला.

जेरमी आईकडून वेलिंग्टनच्या ड्यूकांच्या घराण्यातला, हे कळल्यावर तुमच्यातला जालनेकर जागा झाला होता! १८०३ मध्ये आपल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांना हरवणारा वेलस्ली तोच पुढे पहिला ड्यूक. "त्यांच्याकडून दोन सूर तरी वसूल कर," म्हणाला होतात. केले, काका.

या जोडीचं नशीब मात्र अजब. 'अ समर साँग' १९६४ मध्ये अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. मायदेशात 'यस्टर्डेज गॉन' ३७व्या क्रमांकावर थांबलं, त्यानंतर यादीत नाव नाही. अमेरिकेत 'बॅटमॅन'च्या मालिकेत कॅटवूमन त्यांचे आवाज चोरते, इतके ते घरोघरी पोचलेले. १९६५ मध्ये जेरमी संगीतनाटकासाठी लंडनला गेला, चॅड अमेरिकेत. १९६७च्या 'ऑफ कॅबेजेस अँड किंग्ज'वर तुमचा फार जीव. मला अजूनही ती तबकडी जड वाटते. एका बाजूभर चालणाऱ्या त्या दीर्घ रचनेत त्यांचे आवाजच हरवतात. यावर आपलं भांडण चालू राहू दे. १९६८ला जोडी फुटली, जेरमी अभिनयाकडे वळला. पण २००३ नंतर दोघं पुन्हा एकत्र गायला लागले आणि म्हातारपणी बरीच वर्षं गात राहिले. डिसेंबर २०२० मध्ये चॅड गेल्याचं तुम्हीच फोन करून सांगितलंत.

आता वृंदातल्या नव्या मुली मला विचारतात, खालचा सूर धरायचा कसा? मी तुमचीच पद्धत वापरते, फक्त सुईऐवजी मोबाइल. तुमच्याइतका धीर माझ्यात नाही, दोनदा चुकलं की तोंड सुटतं.

कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्या रांगेतली दोन आसनं तुमची आणि काकूंची. गुडघ्याची सबब चालणार नाही, रिक्षा घेऊन मी स्वतः येतेय.

तुमची,
खालच्या मजल्यावरची