वर्षाला २१२ युनिट सांगून ९८५ युनिट खाणाऱ्या फ्रिजबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

विषय : जानेवारीत चिपळूणच्या दुकानातून घेतलेला डबल डोअर फ्रिज, वीजवापर लेबलशी जुळत नाही.

महोदय,

तुमचा तंत्रज्ञ दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा वायरला चिमटा-मीटर लावला, "करंट बरोबर आहे, कोकणात हवा दमट, एवढं चालायचंच" म्हणाला, चहा घेतला आणि तक्रार बंद केली. करंट बरोबर आहे हे मलाही मान्य आहे. माझी तक्रार करंटची नाहीच.

फ्रिजवरच्या तीन स्टारच्या लेबलवर वर्षाला २१२ युनिट लिहिलंय, म्हणजे दिवसाला ०.५८. जुना एका दाराचा फ्रिज होता तेव्हा आमचं बिल महिन्याला ८५ ते ९० युनिटांचं यायचं. नवा आल्यावर ते ७५ च्या आसपास येईल असा माझा हिशेब होता. येतंय १३५. शंभराच्या वर गेलेल्या युनिटांना दर जवळजवळ दुप्पट लागतो, त्यामुळे ही वाढ खिशाला दिसते त्याहून जास्त झोंबते.

दुकानदार म्हणाला, मीटर पळत असेल. म्हणून बाकी सगळं बंद करून २००० वॅटचा गीझर थंड पाण्यावर पंधरा मिनिटं चालवला. मीटर बरोबर अर्धा युनिट पुढे गेला. मीटरचा दोष नाही.

मग मे महिन्यात कराडला भाचीचं लग्न आलं. निघताना फ्रिजची लाइन सोडून बाकीचे सगळे स्विच पाडले, इन्व्हर्टरही काढून ठेवला. क्षणभर फ्रिज बंद करून पाहिला, तर मीटरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबला, म्हणजे दुसरीकडे कुठे वीज जात नव्हती. फ्रिज परत चालू केला. गुरुवारी सकाळी ६ वाजता रीडिंग १८४३.२. कुंभार्ली घाट उतरून रविवारी पहाटे ६ ला घरी आलो तेव्हा १८५१.३. चपला काढायच्या आधी मी मीटर बघितला, यावर घरात अजून चेष्टा चालते.

७२ तासांत ८.१ युनिट. दिवसाला २.७, वर्षाला साधारण ९८५. तीन दिवस दार एकदाही उघडलं नव्हतं, त्यामुळे दार उघडून दमट हवा आत शिरली हे कारण इथे चालणार नाही. लेबलची चाचणी प्रयोगशाळेत होते, घरात थोडा फरक पडणार, हे मी समजू शकते. साडेचार पटीचा फरक कसा समजून घ्यायचा?

आता ८.१ युनिट म्हणजे ८१०० वॅट-तास, त्यांना ७२ ने भागा. सरासरी ११२ वॅट येतात, म्हणजे चालू कॉम्प्रेसर घेईल जवळपास तेवढेच. तो थांबतच नाहीये. थंडावा पुरेसा झाला की कॉम्प्रेसरने बंद पडायचं असतं, आणि लेबलवरचा आकडा त्या विश्रांतीवरच उभा असतो. तुमच्या माणसाने करंट तपासला, तास तपासलेच नाहीत. मिनिटभर चिमटा लावून तास कसे कळणार?

फ्रीजरच्या मागच्या भिंतीवर बर्फाचा थर साचतो, खालच्या कप्प्यात मात्र दूध नासतं. बर्फ वितळवणारा हीटर किंवा त्याचा सेन्सर बिघडला असावा, असा माझा अंदाज आहे. दाराच्या रबरात कागद धरून ओढला, तर खालच्या कोपऱ्यात तो अलगद निसटतो. हेही तंत्रज्ञाला दाखवलं होतं. सासूबाई तर रोज एकदा जुन्या फ्रिजची आठवण काढतात.

माझी मागणी अशी : प्लगमध्ये लावायचा युनिट मोजणारा मीटर घेऊन माणूस पाठवा आणि तो मीटर निदान २४ तास आमच्याकडे ठेवा. हीटर, सेन्सर, रबर तपासून जे बिघडलंय ते वॉरंटीत बदला. त्यानंतरही दार बंद ठेवून वीजवापर दिवसाला एक युनिटाच्या वर गेला, तर फ्रिज बदलून द्या. जादा आलेल्या बिलाची भरपाईही हवी आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. सोबत पावती, लेबलचा फोटो, दोन्ही रीडिंगचे वेळेसह फोटो आणि मागच्या वर्षभराची बिलं जोडली आहेत. तंत्रज्ञ येण्याआधी फोन करावा. आमच्याकडे दुपारी लाईटचा भरवसा नसतो.

आपली,
एक ग्राहक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी