मंत्रिमहोदय, जहाज थांबत नसतं

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

वर खात्याचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. माझा माल रस्त्यात अडकला त्या एकोणीस दिवसांत ज्या ज्या टेबलापुढे उभा राहिलो, तिथे "हे आमच्याकडे येत नाही" हेच ऐकलं. तेव्हा हे पत्र कुठल्या खात्याच्या बारनिशीत चढवायचं ते मला कळत नाही. पण आपण स्वतःला ओळखाल. गेल्या वर्षी दिवाळीनंतर उद्योजकांच्या मेळाव्याला कोल्हापुरात आला होता. फेटा बांधून घेतलात, तांबड्या-पांढऱ्याचं कौतुक केलंत आणि माईकवर म्हणालात, "अवजड मालाची परवानगी बहात्तर तासांत मिळेल. नाही मिळाली तर थेट मला फोन करा." टाळ्या पडल्या. त्यात दोन हात माझे होते.

मी फोन केला. अकरा वेळा केला. आपले स्वीय सहायक फार गोड बोलतात.

प्रकरण असं आहे. मी गोकुळ शिरगावात साखर कारखान्यांची यंत्रं बनवतो. या खेपेला पूर्व आफ्रिकेतल्या एका कारखान्यासाठी व्हॅक्यूम पॅन केला होता. निर्वात करून उसाचा पाक कमी तापमानाला उकळायचा, म्हणजे साखर न जळता दाणा धरते, ते हे भांडं. लांबी ७.८ मीटर, रुंदी ४.४, खालच्या सॅडलसकट (भांडं टेकवायच्या बैठकीसकट) उंची ४.६, वजन ३२ टन. मुंबईत जहाजावर चढवायचा आणि मोंबासाला उतरवायचा. तिथपर्यंतचं भाडं आणि विमा आमच्या अंगावर.

आता एवढा मोठा नग समुद्रापार पाठवायचा म्हणजे काय करावं लागतं, हे आपल्या माहितीसाठी लिहितो. फाईलवर "ओडीसी माल १ नग" (ओडीसी म्हणजे ठरल्या मापाबाहेरचा) एवढंच असतं, आणि ते वाचून हे कळत नाही.

पॅनचा पत्रा कापायच्या आधीच आम्ही जहाजाचा विचार करतो. गुरुत्वमध्य कुठे येईल, उचलायचे कान कुठे वेल्ड करायचे, सॅडलची रुंदी ट्रेलरला आणि जहाजाच्या डेकला दोन्हीकडे कशी जमेल, हे सगळं ड्रॉइंगवर ठरतं. मग प्रश्न, जायचं कशातून? साध्या कंटेनरचं दार २.३४ मीटर, म्हणजे तो विषयच संपला. फ्लॅट रॅकवर, म्हणजे छत आणि बाजू नसलेल्या कंटेनरवर, टाकला तर दोन्ही बाजूंना जवळजवळ एकेक मीटर बाहेर येतो. म्हणजे शेजारच्या कंटेनरांच्या जागा मेल्या, वरचीही मेली, आणि त्या सगळ्या रिकाम्या जागांचं भाडं आम्ही भरायचं. म्हणून सुटा माल नेणारं, स्वतःच्या क्रेनचं जहाज शोधलं. तिथे भाडं टनावर किंवा घनमीटरवर, जे जास्त भरेल त्यावर. आमचा नग ३२ टन, पण घनमीटर १५८. पाचपट हवेचं भाडं! ठीक आहे, तो धंद्याचा नियम आहे, त्याबद्दल आपल्याकडे तक्रार नाही.

या जहाजाला एक खिडकी असते. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत माल बंदरात हवा. आमची खिडकी पाच दिवसांची होती. त्या पाच दिवसांवरून उलटं मोजत यायचं. बंदरात कस्टमचे सोपस्कार आणि सर्व्हेअरची तपासणी यांना तीन दिवस, रस्त्याला सहा दिवस (रात्रीचं चालायचं नाही, सण-जत्रा असेल तर दिवसाही नाही), त्याआधी पेंट, पॅकिंग. बँकेच्या एलसीवर, म्हणजे गिऱ्हाईकाच्या बँकेने दिलेल्या पैशाच्या हमीपत्रावर, माल चढवायची शेवटची तारीख असते, ती उलटली की पैसे अडकले. समुद्रावर नग हलू नये म्हणून खाली-बाजूला लाकूड ठोकतात, तर त्या लाकडालासुद्धा आतपर्यंत ५६ अंश उष्णता सलग ३० मिनिटं देऊन शिक्का मारलेला लागतो. शिक्का नसेल तर परदेशात ते लाकूड उतरू देत नाहीत. म्हणजे बघा, या सगळ्या साखळीत फळकुटाला नियम आहे आणि ते पाळतं. मुदत न पाळणारी कडी एकच.

रस्त्यावरच्या गाडीची रुंदी २.६ मीटरच्या वर गेली की परवानगी आली. योग्यच आहे, पुलांची काळजी कुणीतरी घ्यायला हवी. २०१६ ला सावित्रीवरचा पूल रात्रीत वाहून गेला, ते आम्ही विसरलेलो नाही. म्हणून अर्ज वेळेत केला, सव्वा महिना आधी. पुढे काय विचारलं गेलं ते ऐका. "तुकडे करून का नेत नाही?" अहो, त्यात निर्वात धरायचा आहे. सगळी वेल्डिंग दाबाखाली तपासून दाखला घेतलाय. हत्ती कुणी दोन खेपांत नेतं का?

परवानगी आली ती निघायच्या आदल्या रात्री, आणि तीही पूर्ण नाही. ट्रेलर निघाला, आणि एका जिल्ह्याच्या हद्दीवर एका उड्डाणपुलाखाली येऊन उभा राहिला.

इथे जरा हिशेब आहे, तो बघाच. लो-बेड ट्रेलरचा तळ जमिनीपासून ८५ सेंटीमीटर, वर नग ४६०. एकूण ५ मीटर ४५. पुलाखाली साडेपाच मीटर मोकळी उंची हवी आणि पुलावरच्या पाटीवरही तीच लिहिलेली. म्हणजे पाच सेंटीमीटर वर राहतात. आमच्या पोरांनी टेप लावली, तर निघाली ५ मीटर ३८. कशी? तर दर निवडणुकीच्या आधी खालच्या रस्त्यावर डांबराचा नवा थर पडतो, जुना खरवडत नाहीत. पूल तिथेच, रस्ता वर वर येतोय. पाटी मात्र पहिल्या दिवसाचीच. त्याच पाटीवरचा आकडा बघून परवानगी देणाऱ्याने परवानगी दिली होती.

ड्रायव्हर म्हणाला, "मालक, हवा सोडून बघू काय चाकांतली?" हवा सोडून सात सेंटीमीटर आणि वर थोडी फट कुठून मिळणार! बाजूचा सर्व्हिस रोड होता. पण तो वेगळ्या यंत्रणेकडे, त्याची परवानगी वेगळी. त्यावर विजेच्या तारा, त्या उचलायला अर्ज वेगळा. तारा उचलायच्या दिवशी बंदोबस्त हवा, तो अर्ज अजून वेगळा. बंदोबस्त म्हणे तारांची तारीख आणा, तारवाले म्हणे बंदोबस्ताची आणा. सहा दिवस याच्यात गेले. सातव्या दिवशी तारीख मिळाली, तर त्या दिवशी त्या रस्त्याने कुणीतरी मोठे जाणार होते म्हणून बंदोबस्त तिकडे. कोण मोठे होते ते मी विचारलं नाही. दहा मिनिटांत रस्ता मोकळा झाला होता एवढं मात्र ट्रेलरवाल्यांनी पाहिलं.

एकोणीस दिवस चौघंजण त्या ट्रेलरखाली राहिले. ढाबेवाला भला माणूस, त्याने चहाचे पैसे घ्यायचं सोडून दिलं. बाराव्या दिवशी मी गेलो तर पॅनवर एक फ्लेक्स बांधलेला. आठ बाय दहाचा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दिसेल असा. साहेब, आपल्या वाढदिवसाचा. आपण हात जोडून हसताय, खाली पंचवीस-तीस कार्यकर्ते गोल गोल फोटोंत. त्या फ्लेक्सला परवानगी कुणी दिली? कुणी मागितली तरी का? आमच्या नगाला मात्र पाच अर्ज.

जहाज गेलं. फॉरवर्डरचा, म्हणजे जहाजात जागा ठरवून देणाऱ्या एजंटाचा, फोन आला तेव्हा मी ड्रायव्हरशेजारी बाजेवर बसलो होतो. त्याला सांगितलं तर म्हणाला, "ते थांबंल कसं मालक, एसटी हाय काय ती?" एवढं साधं त्याला कळतं.

जागा आपण राखली आणि माल आणला नाही, तर त्या रिकाम्या जागेचं भाडं द्यावं लागतं. ते दिलं, अकरा लाखांच्या वर. ट्रेलरचं हॉल्टिंग दिवसाला अठरा हजार, साडेतीन लाख धरा. बंदरात सांगून ठेवलेल्या क्रेनचे पैसे, एलसी दुरुस्तीचे पैसे. गिऱ्हाईकाने मुदत वाढवून दिली, पण किमतीत चार टक्के कापून. एकूण पंचवीस लाख म्हणा, तीस म्हणा, आमचा सी.ए. अजून बेरीज करतोय. माझा या ऑर्डरीतला नफा त्यात दोनदा बुडतो. घरी बायकोला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही, तिला हे पत्र छापून आल्यावर कळेल.

आणि पैशाचं एक वेळ सोडा. त्या कारखान्याचा माणूस सुरुवातीला आमच्या शेडमध्ये चार दिवस राहून गेला होता. आमची वेल्डिंग बघून खूष होता. आता फोनवर त्याने शांतपणे सांगितलं, "पुढच्या वेळी चीनचं कोटेशन मागवलं तर राग मानू नका." राग कुणावर मानायचा ते आपण सांगा.

आपण म्हणाल, कोल्हापूरला समुद्र नाही, त्याला सरकार काय करणार. समुद्र आहे हो! रत्नागिरीचा किनारा इथून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. जयगडला खोल पाण्याचं बंदर आहे. पण आंबा घाटाच्या वळणांवर लांब ट्रेलर वळत नाही, आणि पावसाळ्यात दरड कधी येईल सांगता येत नाही. गगनबावड्याकडून जावं तर करूळ घाट २०२४ मध्ये रस्त्याच्या कामासाठी महिनोन्‌महिने बंद होता. म्हणून आमचा नग पश्चिमेला सव्वाशे किलोमीटर जायच्याऐवजी उत्तरेला पावणेचारशे जातो, खंबाटकी, बोरघाट करत. वैभववाडीपर्यंत रेल्वे होणार, हे २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पापासून ऐकतोय. याच कोल्हापुरात १८८८ ला शाहू महाराजांच्या हस्ते मिरजेच्या रेल्वेची कुदळ पडली आणि १८९१ ला गाडी धावली. तेव्हा महाराज वयात आलेले नव्हते, निवडणूक लढवायची नव्हती, आणि फ्लेक्सचा शोध लागायचा होता.

बरं, पैसा नाही असंही नाही. समृद्धी ७०१ किलोमीटर झाला. वाढवणला ७६ हजार कोटींचं बंदर होतंय. आणि आमच्या जिल्ह्याने नको नको म्हटलं तरी सुमारे आठशे किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आमच्या शेतांतून काढायचाच असा हट्ट आहे. माझा चुलत भाऊ त्या मोर्च्यात होता, त्याचा ऊस जातोय त्यात. मी कारखानदार म्हणून मला वाटायचं, रस्ता होतोय तर होऊ दे. आता नाही वाटत. जो रस्ता आहे त्याच्यावरच्या एका पुलाखालची खरी उंची कुणाला ठाऊक नाही, आणि आठशे किलोमीटर नवीन! मागे वीजदरावरून आमच्यातली काही मंडळी कर्नाटकात जायची भाषा करत होती. तेव्हा मी भांडलो होतो त्यांच्याशी. कागलच्या पुढे दूधगंगा ओलांडली की हद्द संपते, परवा त्या बाजूला जमिनीचा भाव विचारून आलो. नुसता विचारून आलो.

मागण्या लिहायच्या राहूनच गेल्या, खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला बसलो होतो. पुलांखालची उंची मोजा आणि डांबर टाकलं की पाटी बदला. रस्ता, तारा, बंदोबस्त या तिन्हींची एकच तारीख एकाच माणसाच्या सहीने द्या. आणि ती चुकली तर त्या माणसाचं नाव आम्हाला कळू दे. बाकी बहात्तर तास वगैरे नको. तीस दिवस घ्या, पण एकतिसावा नको, कारण जहाजाची तारीख आम्ही ठरवत नाही आणि आपणही ठरवत नाही.

कळावे,
आपला,
गोकुळ शिरगावातला एक कारखानदार

ता. क. : पुढचं जहाज बावीस दिवसांनी आहे. पॅन परत शेडमध्ये आणून ठेवलाय, परतीच्या प्रवासाचीही परवानगी काढावी लागली. आपला फ्लेक्स आम्ही फाडलेला नाही, पोरांनी नीट घडी घालून ठेवलाय. पॅनवर परत बांधून मोंबासाला पाठवायचा की आपल्या कार्यालयात आणून द्यायचा, ते कळवावे. कार्यालयात आणायचा असेल तर परवानगी लागेल का, तेही.